लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं नंतर

लग्नाचे अल्बम डिझाइन करणं हे माझं काम. लग्नात काय घडलं ते मला माहीत नसतं. हार्डडिस्कमध्ये जे येतं, तेवढंच लग्न मला दिसतं. एकदा एका मुलीचा फोन आला, "ताई, आजोबांचा एक तरी फोटो शोधा ना." अडीच हजारांवर फोटो होते त्या लग्नाचे. आजोबा व्हीलचेअरवर, स्टेजला तीन पायऱ्या, म्हणून ते खालीच पहिल्या रांगेच्या कडेला बसून राहिले. सगळे फोल्डर चाळल्यावर एका फोटोच्या कोपऱ्यात अक्षता टाकणारा एक हात सापडला. मनगटावर पिवळ्या पडलेल्या काचेचं जुनं घड्याळ. तिने ते घड्याळ ओळखलं. तोच हात मोठा करून मी अल्बममध्ये लावला.

फोटोग्राफर वाईट नव्हता. नवरीचे फोटो सुरेख होते. पण आजोबा कोण, कुठे बसलेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते आपण सांगायचं असतं हे घरच्यांना ठाऊक नव्हतं.

असे फोन मला दर सीझनला येतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चूक क्रमाची असते. लोक आधी इन्स्टाग्राम बघतात, मग पॅकेज विचारतात, मग ॲडव्हान्स देतात, आणि आपल्याला नेमकं काय हवंय याचा विचार लग्नाच्या आदल्या रात्री करतात. हा क्रम उलटा करायचा आहे. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका.

१. आधी आपलं लग्न कागदावर उतरवा

फोटोग्राफरला फोन करण्याआधी एक कागद घ्या आणि चार रकाने आखा: विधी, जागा, वेळ, त्यात कोण कोण. देवक, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मुहूर्त, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, विहिणीची पंगत, पाठवणी, गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन. तुमच्याकडे यातलं जे असेल ते लिहा. प्रत्येक घरची रीत वेगळी असते. कुणाकडे सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, कुणाकडे लग्नाच्या दिवशी सकाळी. फोटोग्राफरच्या छापील पॅकेजात 'हळद + लग्न' एवढंच असतं, त्यामुळे वेळा गुरुजींना विचारूनच भरा. दोन्हीकडचे गुरुजी वेगळे असतील तर दोघांनाही विचारा.

कागद भरून झाला की लाल पेनाने एकच गोष्ट शोधा: एकाच वेळी दोन ठिकाणी काय चाललंय? नवरी आतल्या खोलीत गौरीहराशी बसून अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत असते, आणि नेमका त्याच वेळी नवरदेव कार्यालयाच्या दारात आलेला असतो. हळदीचंही तसंच. नवऱ्याची हळद आधी, मग उष्टी हळद नवरीकडे जाते. दोन घरं दोन गावांत असली की एका माणसाला दोन्ही जमणं शक्य नाही. किती माणसं लागतील याचा हिशोब या लाल खुणांवरून लागतो, पाहुण्यांच्या संख्येवरून नाही.

कार्यालयाच्या व्यवस्थापकालाही याच टप्प्यावर तीन गोष्टी विचारा. बाहेरचा फोटोग्राफर चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? कार्यालय किती वाजता ताब्यात मिळतं आणि किती वाजता सोडायचं? ड्रोन चालतो का?

*तपासा:* पाठवणीची वेळ अंधारात जातेय का? जात असेल तर कागदावर तसं लिहून ठेवा. पुढे फोटोग्राफरला हाच प्रश्न विचारायचा आहे.

तारखेचं म्हणाल, तर मुहूर्त आणि कार्यालय पक्कं झालं की त्याच आठवड्यात फोटोग्राफरच्या शोधाला लागा. तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडतो आणि चातुर्मासाआधी संपतो, त्यातही पौषात बहुतेक घरं लग्न धरत नाहीत. अधिक मास आला की तारखा आणखी दाटतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे; एरवी मे महिना म्हणजे ऐन लग्नसराई, पण त्या वर्षी अर्धा मे मुहूर्ताविना जातो आणि उरलेल्या तारखांवर गर्दी होते.

२. माणसं किती आणि कोणती, ते ठरवा

या धंद्यात चार प्रकारची कामं आहेत. ट्रॅडिशनल फोटो म्हणजे विधी समोरून, क्रमाने, प्रत्येक पाहुण्यासकट. कँडिड म्हणजे लोकांचं लक्ष नसताना टिपलेले चेहरे. ट्रॅडिशनल व्हिडिओ म्हणजे पूर्ण विधींचं सलग चित्रीकरण. सिनेमॅटिक म्हणजे तीन-चार मिनिटांचा टीझर किंवा हायलाइट.

बजेट कमी असलं की लोक ट्रॅडिशनलवाला कापतात आणि कँडिड ठेवतात. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त अडचण करणारी चूक हीच. कँडिडवाला नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपतो, पण आत्याने ओटी भरली तेव्हा तो दुसरीकडे असतो. मग आत्या विचारते, माझा फोटो कुठाय? माझ्याकडे उत्तर नसतं. लाल खुणा नसतील तर दीडशे माणसांच्या लग्नाला एक ट्रॅडिशनल, एक कँडिड आणि एक सलग व्हिडिओवाला पुरतो. काही कापायचंच असेल तर टीझर कापा, ड्रोन कापा, प्री-वेडिंग कापा.

ड्रोन हवाच असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि पुण्यात लोहगावला तर हवाई दलाचाच तळ आहे. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. परवानगी कोण काढणार, हे करारात लिहून घ्या.

३. निवडक फोटो बघू नका, एक पूर्ण लग्न बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

इन्स्टाग्रामवर दिसतात ते फोटो शंभर लग्नांतले शंभर. संध्याकाळच्या उन्हात, मोकळ्या लॉनवर, हसऱ्या जोडप्याचे. चांगला कॅमेरा हातात असलेल्या कुणालाही वर्षभरात तसे शंभर फोटो मिळतात. तुमचं लग्न मात्र ट्यूबलाइटच्या कार्यालयात, दुपारी सव्वाबाराला, चारशे माणसांच्या गर्दीत लागणार आहे. म्हणून तीन-चार फोटोग्राफर निवडा, प्रत्येकाच्या ऑफिसात जा आणि म्हणा, "तुमचं एक लग्न मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा. आमच्यासारख्याच बंद कार्यालयातलं. चारपाचशे फोटो, काढलेल्या क्रमाने, न निवडता." चांगला माणूस जुन्या गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन लॅपटॉपवर दाखवतो. टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

बघायला बसलात की डोळे नवरीवरून काढा आणि हे शोधा.

*अंतरपाट.* मंगलाष्टकं संपतात, 'शुभमंगल सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात, हार पडतात. हे सगळं काही सेकंदांत होतं. या क्षणाचे सलग दहा-बारा फोटो मागा. त्यात दोघांचे चेहरे दिसतात की मामांची पाठ? अंतरपाट खाली जाताना पहिली नजरानजर आहे का, की फोटो थेट हारांपासून सुरू होतात?

*हळद.* घराच्या अंगणातली, पिवळ्या मांडवाखालची हळद बघा. पिवळ्या कापडातून येणारा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडतो, आणि ज्याला रंग सांभाळता येत नाही त्याच्या फोटोत हळद न लावलेली माणसंही पिवळी दिसतात. दात बघा. दात पिवळे असतील तर रंग चुकलाय.

*होम.* धुरात चेहरे फिके पडले आहेत का? समोरून फ्लॅश मारला की धूर पांढराफटक होतो आणि मागची माणसं नाहीशी होतात. अनुभवी माणूस बाजूला सरकतो.

*मोठा ग्रुप फोटो.* लॅपटॉपवर तो फोटो मोठा करा आणि मागच्या रांगेतल्या अगदी कोपऱ्यातल्या माणसाचा चेहरा बघा. पुसट असेल तर अल्बममध्ये तो पुसटच येणार. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं असतं. पानभर छापलेल्या फोटोत मोबाइलवर न दिसलेली प्रत्येक चूक दिसते.

*स्टेजमागची एलईडी वॉल.* फोटोत आडवे काळे पट्टे आलेत का ते बघा. तुमच्या कार्यालयात एलईडी वॉल असणार असेल तर हे जरूर पाहा. असे पट्टे नंतर काढणं फार जिकिरीचं, आणि चेहऱ्यावरून गेले असतील तर जवळपास अशक्य.

*म्हातारी माणसं.* शेवटी एकच प्रश्न स्वतःला विचारा: या लग्नातल्या आज्या-आजोबांचे चेहरे मला आता आठवतायत का? आठवत असतील तर त्या फोटोग्राफरला माणसं दिसतात.

*सावधान:* दाखवलेल्या फोटोंत प्रत्येक नवरी एकाच गोऱ्या, गुळगुळीत कातडीची दिसत असेल तर सावध व्हा. चेहरा उजळून देणं काही स्टुडिओंत न विचारता होतं. माझ्याकडे अशा फाइल आल्या आहेत ज्यात मुलीच्या गालावरचा तीळसुद्धा पुसला होता. तिच्या आईने तो तीळ परत मागितला, आणि मूळ फाइल शिल्लक नव्हती. फार वाईट वाटलं होतं मला.

४. जो फोटो काढणार आहे, त्याला भेटा

स्टुडिओच्या नावावर तुम्ही बुकिंग करता, पण मोठ्या मुहूर्ताला एकाच स्टुडिओकडे तीन-चार लग्नं असतात आणि माणसं बाहेरून बोलावली जातात. तुम्हाला दाखवलेलं काम एकाचं, तुमच्या लग्नात येणारा दुसराच. थेट विचारा: "आमच्या तारखेला कोण येणार? आत्ता बघितलेलं लग्न त्यांनीच काढलंय का?" मग त्या माणसाला दहा मिनिटं का होईना, भेटा.

भेटीत हे विचारा.

- कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का? एक कार्ड बिघडलं तर दुसरं हवं. 'आमचं कार्ड कधी बिघडत नाही' हे उत्तर पुरेसं नाही.
- त्या रात्री फोटो किती ठिकाणी उतरवता? निदान दोन वेगळ्या हार्डडिस्क, आणि त्या दोन वेगळ्या जागी.
- आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण? त्याचं काम दाखवा.
- आमच्या समाजातलं लग्न आधी केलंय का? केलं नसेल तरी हरकत नाही, पण विधींचा कागद आधी मागून घेतो का, याकडे लक्ष ठेवा.
- पाठवणी अंधारात असेल तर उजेडाची सोय काय?

गेल्या वर्षभरातल्या दोन जोडप्यांचे नंबर मागा आणि फोन करा. 'कसं आहे काम?' असं विचारलंत तर सगळे 'छान' म्हणतील. त्याऐवजी विचारा: भेटायला आला तोच माणूस लग्नात आला का, अल्बम हातात यायला किती महिने लागले, आणि नंतर कशासाठी जादा पैसे मागितले का?

आणि एक माझ्या मनातलं. त्याचं बोलणं ऐका. नवरीला तो सतत 'मान वळव, हस, परत हार घाल' असं करायला लावणारा असेल, तर लग्नाच्या दिवशी गुरुजी आणि तो यांच्यात तुमची मुलगी अडकेल. मंगळसूत्र दुसऱ्यांदा घालायला लावलेले फोटो मी बघते. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कंटाळा असतो.

५. आता भाव विचारा

दर गावागणिक आणि सीझनप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. तुलना कशी करायची ते सांगते. एक 'सगळं मिळून' म्हणतो, दुसरा दिवसाचा दर सांगतो, तिसरा अल्बम वेगळा धरतो. तिघांनाही तुमचा पहिल्या पायरीतला कागद द्या आणि त्यावरच दर मागा: किती माणसं, किती तास, किती फोटो एडिट करून, किती शीटचा अल्बम, सलग व्हिडिओ किती तासांचा. जीएसटी नोंदणी असलेला स्टुडिओ १८ टक्के जीएसटी लावतो, तो दरात धरलाय की वर लागणार? बाहेरगावी लग्न असेल तर प्रवास, राहणं, जेवण कुणाकडे?

अल्बमच्या शीटचा हिशोब समजून घ्या. उघडल्यावर समोर दिसणारी दोन पानं म्हणजे एक शीट. एका शीटवर साधारण चार ते सहा फोटो नीट बसतात. म्हणजे ३५ शीटच्या अल्बमात १४० ते २१० फोटो. लोक ३५ शीट घेतात आणि ४५० फोटो निवडून देतात. मग एक तर जादा शीटचे पैसे, नाहीतर पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे. जादा शीटचा दर आत्ताच लिहून घ्या.

*सावधान:* 'अनलिमिटेड फोटो' या शब्दाला भुलू नका. तुम्हाला हजारो फोटो मिळतील, पण एडिट केलेले किती, हा आकडा वेगळा विचारा.

६. करार कागदावर करा

नात्यातला असो, मित्राचा मित्र असो, कागद करा. कागदामुळे नातं बिघडत नाही. बिघडलेलं मी पाहिलंय ते 'आपलंच आहे' म्हणून कागद न केलेल्या घरांत. वकील लागत नाही. दोन पानं आणि दोन सह्या पुरतात. त्यात हे असू द्या.

येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि काम. पहिल्या पायरीतला विधींचा कागद, जोडपत्र म्हणून. येण्याची आणि निघण्याची वेळ, आणि उशीर झाला तर जादा तासाचा दर. एडिट केलेले फोटो, सगळे मूळ फोटो, व्हिडिओ आणि अल्बम यांच्या वेगवेगळ्या तारखा. 'दोन-तीन महिन्यांत' असं मोघम नको. डेटा किती महिने जपून ठेवणार, तेही. तारीख पुढे ढकलली किंवा घरात काही दुःखद घडलं तर ॲडव्हान्सचं काय. चेहरा उजळणार नाही, अंगावरची खूण पुसणार नाही, हे एक वाक्य. आणि व्हिडिओबद्दल दोन वाक्यं, ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

पहिलं: मंगलाष्टकांचा मूळ आवाज सलग हवा. आपल्याकडे आत्या, मामी, मावशी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. त्यात आजी-आजोबांची, गावाची, कुलदैवताची नावं ओवलेली असतात. तयार व्हिडिओ येतो तेव्हा त्यावर सिनेमातलं गाणं चढवलेलं असतं आणि मावशीचे नुसते ओठ हलताना दिसतात. एका मावशीने ते मंगलाष्टक म्हटलं ते तिचं शेवटचं ठरलं. आवाज कुठेही नव्हता. म्हणून लिहा: गुरुजींच्या आणि मंगलाष्टकांच्या माइकचा आवाज कार्यालयाच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट, किंवा माइकजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवून घ्यायचा, आणि तो भाग गाणं न चढवता सलग द्यायचा.

दुसरं: टीझरवर सिनेमातलं गाणं लावलं तर यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर चढवताना आवाज बंद होऊ शकतो. वापराचा हक्क असलेलं संगीत वापरणार का, ते विचारा.

मालकी कुणाची, हेही वाचून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो, म्हणजे तुम्ही. पण पुष्कळ स्टुडिओंच्या छापील करारात खाली बारीक अक्षरात मालकी त्यांच्याकडे ठेवलेली असते. ती ओळ शोधा. आणि तुमचे फोटो त्यांच्या पानावर टाकायला परवानगी आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. लहान मुलांचे आणि हळदीत भिजलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, असं मी प्रत्येक घराला लिहायला सांगते.

पैसे चार टप्प्यांत द्या: बुकिंगला ३० टक्के, लग्नाच्या दिवशी ३०, सगळे फोटो आणि मूळ व्हिडिओ हातात आल्यावर २५, अल्बम आल्यावर १५. स्टुडिओ थोडं इकडेतिकडे करून मागेल, चालेल. पण अल्बमआधी सगळी रक्कम देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या, आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या.

*तपासा:* वाद झालाच तर हा करार आणि पावत्याच कामी येतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

७. लग्नाआधीचा आठवडा

आता माणसांची यादी. दोन्हीकडची मिळून वीस-पंचवीस नावं, त्याहून जास्त नकोत. शंभर नावांची यादी कुणी वाचत नाही. प्रत्येक नावापुढे खूण: 'हिरवी पैठणी, उजव्या हाताला काठी', 'व्हीलचेअर, पहिली रांग'. ज्यांना स्टेजवर चढता येत नाही त्यांची नावं सगळ्यात वर, आणि त्यापुढे लिहा: 'नवरा-नवरी खाली उतरून यांच्याजवळ जातील.' वेळही लिहा. मुहूर्तानंतर, स्टेजवर रांग लागण्याआधी.

यादी नुसती पाठवून भागत नाही. दोन्ही बाजूंनी एकेक माणूस नेमा, ज्याला सगळे नातेवाईक तोंडओळखीने माहीत आहेत आणि ज्याच्यावर त्या दिवशी दुसरं काम नाही. नवरीचा सख्खा भाऊ नको, त्याला कानपिळीपासून सामान उचलण्यापर्यंत शंभर कामं असतात. एखादी चुलत बहीण, एखादा काका. या दोघांचे नंबर फोटोग्राफरला आणि फोटोग्राफरचा नंबर या दोघांना.

गुरुजी आणि फोटोग्राफर यांची फोनवर गाठ घालून द्या. अंतरपाट कोणत्या बाजूला जाणार, मामा कुठे उभे राहणार, फोटोग्राफरने कोणत्या बाजूला थांबायचं, हे पाच मिनिटांत ठरतं. ठरलं नाही तर ऐन मुहूर्तावर स्टेजवर ढकलाढकली होते.

स्टेजवरच्या रांगेचा हिशोब आत्ताच करा. चारशे माणसं म्हणजे साधारण शंभर गट. गटामागे अर्धं मिनिट धरलं तरी पन्नास मिनिटं. कार्यालय पाचला सोडायचं असेल आणि विहिणीची पंगत अडीचला बसणार असेल, तर ही पन्नास मिनिटं कुठून येणार ते ठरवा.

८. लग्नाच्या दिवशी

सकाळी फोटोग्राफर आले की पहिली गोष्ट: सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवायला सांगा. एका मिनिटाचं काम आहे. तीन कॅमेऱ्यांची घड्याळं वेगवेगळी असली की माझ्या स्क्रीनवर सप्तपदीच्या मध्ये हळद येते, पाठवणीनंतर गौरीहर, आणि हजारो फोटो हाताने लावण्यात आठवडा जातो. तो आठवडा तुमच्या अल्बमच्या तारखेतून जातो.

दुसरं, त्यांच्या जेवणाची वेळ ठरवा. पाहुण्यांच्या पहिल्या पंगतीच्या वेळी ते स्टेजवर लागतात, नंतर पाठवणीत लागतात. मधे कुणीतरी त्यांना ताटावर बसवायला हवं. उपाशी माणूस चार वाजता कॅमेरा उचलतो तेव्हा तो नुसतं बटण दाबत असतो.

मुहूर्ताआधी गुरुजींनी किंवा काकांनी माइकवर एवढं सांगावं: "अंतरपाट दूर होईपर्यंत मोबाइल घेऊन पुढे येऊ नका." माइकवर सांगितलेलं लोक ऐकतात.

आणि शेवटचं, नवरा-नवरीने त्या दिवशी फोटोग्राफरला कोणतीही सूचना देऊ नये. ते काम तुम्ही नेमलेल्या दोघांचं.

९. लग्न झाल्यावर

दुसऱ्याच दिवशी फोन करून एक प्रश्न विचारा: डेटा दोन ठिकाणी उतरला का? 'हो' ऐकेपर्यंत फोन ठेवू नका.

विवाहनोंदणीसाठी लग्नविधीचे फोटो लागतात. नवरा-नवरी दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारे तीन-चार फोटो आठवड्याच्या आत, एडिट न करता मागून घ्या. महाराष्ट्रात नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि अल्बमची वाट बघत लोक ती मुदत घालवतात.

सगळा डेटा घ्यायला स्वतःची हार्डडिस्क न्या, पेनड्राइव्ह नको. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल (म्हणजे एडिट न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) घेतला तर तासाला ४५ जीबी. एक टेराबाइटच्या दोन हार्डडिस्क घ्या, एक माहेरी, एक सासरी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवर समाधान मानू नका. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतो, आणि तो नीट छापायचा तर पाच इंचांच्या पुढे जात नाही.

*तपासा:* हार्डडिस्क घरी आणून नुसती कपाटात ठेवू नका. प्रत्येक फोल्डर उघडा, प्रत्येक कार्यक्रमाचे पहिले, मधले आणि शेवटचे दहा फोटो बघा, व्हिडिओ मध्येमध्ये चालवून आवाज ऐका. हे झाल्यावर तिसरा हप्ता द्या.

१०. निवड आणि अल्बम

अल्बम उशिरा येण्याचं कारण पुष्कळदा घरचेच असतात. अडीच हजार फोटो, चौघांची चार मतं, आणि निवड महिनोन्‌महिने पडून. एक रविवार धरा. पहिल्या फेरीत प्रत्येक विधीचे आवडतील ते, दुसऱ्या फेरीत शीटच्या हिशोबाने छाटणी. यादीतल्या वीस-पंचवीस माणसांपैकी प्रत्येकाचा एक तरी फोटो निवडलाय ना, ते यादीवर टिक करून बघा.

निवड देताना स्क्रीनशॉट पाठवू नका. फाइलचा नंबर लिहा, आणि त्याबरोबर फोल्डरचं नाव. नुसता नंबर पुरत नाही, कारण कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ नंतर परत पहिल्यापासून सुरू होते आणि दोन कॅमेऱ्यांत एकाच नंबरचे दोन फोटो असतात. 'डीएससी ४५१२' म्हटलं की माझ्याकडे एक मंगळसूत्राचा निघतो आणि एक जिलबीच्या परातीचा.

डिझाइन तपासायला आलं की मोबाइलवर 'मस्त' लिहून पाठवू नका. लॅपटॉपवर, दिवसा उजेडी, प्रत्येक पान बघा. मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येतोय का? हिरवा चुडा हिरवाच दिसतोय ना? एकच माणूस सलग चार पानांवर आणि दुसरा कुठेच नाही, असं झालंय का? छापायला गेल्यावर बदल होत नाही, आणि नवीन शीटचे पैसे पडतात.

आणि पहिल्या पानावरची नावं मोठ्याने वाचा. लग्नपत्रिका शेजारी ठेवून, एकेक अक्षर. वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ, तारीख, मुहूर्ताची वेळ. घरातल्या वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला वाचायला द्या, त्यांना चुका दिसतात.